उसाचं रान धान्याला देण्याआधी

सांगली,
५ जानेवारी

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. निडवा, म्हणजे खोडव्यानंतरचं उसाचं तिसरं पीक, महिनाअखेर तुटतोय आणि पुढं त्या तीन एकरांत सोयाबीन, हरभरा घ्यायचं मनात आहे, हे पत्रातून कळलं. रान चालेल का, असं तू विचारतोस. पण तीन एकरांना मिळून एकच उत्तर नसतं. ओढ्याकडचा सखल तुकडा वेगळा धर, वरचा वेगळा. आणि उसाच्या टनेजवरून अंदाज बांधू नकोस. ऊस क्षाराला नाजूक आहे. मुळांपाशी क्षारता, म्हणजे मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता, मीटरला १.७ डेसिसायमनच्या वर गेली की त्याचं उत्पन्न घटायला लागतं. सोयाबीन साधारण ५, गहू ६ आणि ज्वारी ६.८ पर्यंत तग धरते. म्हणजे नुसत्या क्षारानं उसाचं उत्पन्न घटलेल्या तुकड्यात गहू येऊ शकतो. पाणथळपणानं घटलं असेल तर मात्र नाही.

म्हणून आधी दोन्ही तुकड्यांत दीड मीटर खोल खड्डा घे आणि दुसऱ्या दिवशी त्यात पाणी किती वर आलंय ते बघ. एक मीटरच्या आत आलं तर हरभरा विसर. त्याची मुळं ओलीत कुजतात आणि मर लागते. खड्डा कोरडा निघाला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नकोस. शेजारच्या उसाला पाट चालू असताना आणि परत सप्टेंबरात मोजायला हवं, कारण आपल्याकडं खालचं पाणी बहुतेक वरच्या बांधावरून येतं.

खड्डा आहेच तर त्याची भिंत चाकूनं टोचत खाली जा. उसाच्या ट्रॉल्यांनी ओल्यात रान दाबलेलं असतं, त्यामुळं वीत-दीड वितीवर कठीण थर लागतो आणि मुळं तिथून आडवी वळलेली दिसतात. हा थर खोलवर फोडणारा सबसॉयलर चालवायचा तो एप्रिल-मेमध्ये, रान खोलवर सुकल्यावर. ओल असताना चालवलास तर थर फुटत नाही, फक्त चिरा पडतात आणि डिझेल जातं.

चोपण, म्हणजे सोडियम साठून बिघडलेलं रान, ओळखायला वाळलेलं बोराएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात सोड आणि हलवू नकोस. दोन तासांत भोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर सोडियम जास्त आहे. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड किंवा पावसाचंच घे. विहिरीचं खारं पाणी माती फुटू देत नाही आणि चोपण रानही चांगलं वाटतं.

प्रयोगशाळेसाठी मातीचे नमुने सरी-वरंबे मोडून, नांगरटीनंतर काढ. नाहीतर सरीतल्या खतानं स्फुरद-पालाश फुगलेलं येईल. खोली तीन: ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंमी. प्रत्येकी अर्धा किलो, बांधाजवळची आणि उकिरड्याच्या जागेची माती सोडून. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेलं, सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर ते चोपण. प्रयोगशाळा बहुधा १:२.५ द्रावणाची (एक भाग माती, अडीच भाग पाणी) वाहकता देते. ती वर लिहिलेल्या आकड्यांशी थेट ताडू नकोस. द्रावणात पाणी जास्त, म्हणून आकडा बराच कमी दिसतो. मातीतलं सोडियम सोडवणाऱ्या जिप्समची मात्रा अहवालातल्या गरजेप्रमाणेच टाक, पण निचऱ्याचा चर काढल्यावर. सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर पैसे चिखलात.

पाचट जाळू नकोस. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकून कुजव. तसंच गाडलंस तर कुजताना ते नत्र ओढून घेतं आणि पुढचं पीक पिवळं पडतं. बुडखे मात्र नांगरून वेचायलाच हवेत. नुसत्या रोटाव्हेटरनं काही परत फुटतात.

यंदा उसात ॲट्राझिन हे तणनाशक मारलं होतंस का? मग एका कुंडीत त्या रानाची वरची माती, दुसरीत न फवारलेल्या बांधाची माती घेऊन सोयाबीन पेर. तीन आठवड्यांत खालची पानं कडेनं पिवळी पडून करपली तर त्या हंगामात सोयाबीन नको. वरच्या तुकड्यात मका, सखल तुकड्यात ज्वारी घे. दोन्हींना ॲट्राझिन सोसतं, पण मका क्षाराला उसाइतकाच नाजूक आहे.

हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, आत्ता खोदून सापडली नाही तरी गाफील राहू नकोस. या दिवसांत कोष आणि भुंगेरे खोल असतात. वळवाचे पाऊस झाले की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर बघ. तिथं भुंगेरे दिसले तर भुईमूग या वर्षी टाळच.

सगळं ठीक निघालं तर वरच्या तुकड्यात जूनमध्ये फुले संगम सोयाबीन लाव. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचंच वाण आहे, आपल्या रानाला जमतं. नंतर हरभरा. सखल तुकड्यात आधी चर, पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी धैंचा गाडायचा आणि मग गहू. लव्हाळ्याचं तण किती आहे ते तू लिहिलं नाहीस. ते दाट असेल तर उन्हाळी खोल नांगरट चुकवू नकोस.

अहवाल आला की फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुरेश