लॅबमधलं मशीन कुठे थांबतं, ते आधी बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. २० मशिनांपैकी पाच-सहा रोज सकाळी उठतच नाहीत, उरलेली उठतात पण लॉगिनपर्यंत यायला आठ-दहा मिनिटं घेतात, आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत पोरांच्या हाती जेमतेम अर्धा वेळ लागतो, हे वाचून जीव हळहळला. ‘मशिनं जुनी झालीत, नवी घ्या’ हा सल्ला मात्र इतक्यात ऐकू नकोस. तू लिहिलेलं एकही लक्षण मशीन म्हातारं झाल्याचं नाही. दोष वाटेत कुठेतरी आहे, आणि ती वाट माहीत असली की तो सापडतो.

वाट अशी. तुझी लॅब एलटीएसपी या सॉफ्टवेअरवर चालते, म्हणजे प्रत्येक मशीन स्वतःच्या डिस्कवरून न उठता सर्व्हरवरचं लिनक्स नेटवर्कवरून उचलतं. मशीन चालू झालं की त्याचं नेटवर्क कार्ड आधी पत्ता मागतं, ते डीएचसीपीचं काम. पत्त्यासोबत ‘कुठल्या सर्व्हरवरून कुठली फाइल उचलायची’ हेही कळतं. ती छोटी फाइल टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने येते, तिच्यातून आयपीएक्सई हा नेटवर्कवरून बूट करणारा कार्यक्रम सुरू होतो, तो कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हर वगैरेंची फाइल) उतरवून घेतो. कर्नल मग सर्व्हरवरची इमेज, म्हणजे अख्ख्या लिनक्सची एक फाइल, एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटायच्या पद्धतीने) जोडून घेतो, डेस्कटॉप उठतो आणि लॉगिन येतं. पासवर्ड एसएसएच या सुरक्षित जोडणीने सर्व्हरकडून तपासला जातो आणि मुलाचं होम फोल्डर सर्व्हरवरून जोडलं जातं. मशीन यातल्या ज्या पायरीवर थांबलं, तिथेच किंवा तिच्या एक पायरी आधी दोष असतो. म्हणून बंद पडलेलं मशीन दिसलं की पुन्हा चालू-बंद करण्याआधी पडद्यावरची शेवटची ओळ वहीत लिहून घे. हे एवढं केलंस तरी अर्धं काम झालं.

सुरुवात तारेपासून कर. मशीनच्या नेटवर्क पोर्टवरचा दिवा लागत नसेल किंवा पडद्यावर ‘पीएक्सई-ई६१’ हा नेटवर्क बूटचा त्रुटी-क्रमांक दिसत असेल, तर पुढचं काहीच तपासायचं नाही. चालणाऱ्या मशीनची केबल न चालणाऱ्याला लाव. दोष केबलबरोबर गेला तर केबल, तिथेच राहिला तर मशीन. मग स्विचवरचा पोर्ट बदलून बघ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.

दिवा लागतोय पण ‘पीएक्सई-ई५१’ येतं, म्हणजे पत्ताच मिळाला नाही. नव्या यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली व्यवस्था) मशीनवर याच जागी ‘ई१६’ दिसतो. इथे अंदाज बांधत बसू नकोस. सर्व्हरवर डीएनएसमास्कचा, म्हणजे पत्ता आणि फाइल सांगणाऱ्या कार्यक्रमाचा, लॉग ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने उघडून ठेव आणि मशीन चालू कर. त्या मशीनच्या मॅक ॲड्रेसची (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाची) हाक, म्हणजे पत्त्याची मागणी, लॉगमध्ये दिसली नाही, तर सर्व्हरला हात लावू नकोस. दोष मशीन आणि सर्व्हर यांच्या मधे आहे, किंवा मधला स्विच उशिरा जागा होतोय. हाक दिसली पण मशीनने उत्तर घेतलं नाही, तर तिसरं कुणीतरी मधे बोलतंय.

हा उशिरा जागा होणारा स्विच नीट समजून घे, कारण मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असलेल्या लॅबमध्ये हे हमखास आढळतं. अशा स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री (तारांचं वर्तुळ झालं तर ते तोडणारी सोय) चालू असेल, तर पोर्टला तार लागल्यावर तो १५ सेकंद ऐकतो, आणखी १५ सेकंद शिकतो आणि मगच काही पुढे जाऊ देतो. इकडे बूट रॉम, म्हणजे नेटवर्क कार्डातला बूट करणारा प्रोग्राम, पत्त्यासाठी चार हाका मारतो आणि त्यांच्यामध्ये ४, ८ आणि १६ सेकंद थांबतो. म्हणजे हाका पडतात शून्य, ४, १२ आणि २८ व्या सेकंदाला, आणि पोर्ट उघडतो ३० व्या सेकंदाला. चारही हाका वाया! मशीन ठणठणीत, केबल ठणठणीत, तरी ई५१. उपाय दोन मिनिटांचा: मशिनं लागलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट (न थांबता पोर्ट उघडायची सेटिंग) चालू कर, काही कंपन्या त्यालाच एज पोर्ट म्हणतात. स्पॅनिंग ट्री सरसकट बंद मात्र करू नकोस. एखाद्या मुलाने मोकळी पॅच कॉर्ड दिसली म्हणून तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली, तर फिरणाऱ्या पॅकेटांच्या लोंढ्यात अख्खी लॅब बंद पडते. सगळे दिवे एका तालात लुकलुकायला लागले की हेच समज.

तुझ्याकडे मात्र मला दुसराच संशय आहे. पत्ते ब्रॉडबँडचा राउटर देतो आणि सर्व्हर फक्त फाइल सांगतो, म्हणजे प्रॉक्सी डीएचसीपी, असं तू लिहिलंस. त्याच राउटरच्या वायफायवर शिक्षकांचे मोबाइल आहेत ना? राउटरची पत्त्यांची रेंज उघडून बघ. ती ५० पत्त्यांची असेल आणि लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, २४ तासांची, तर कालचे मोबाइल आजही पत्ते अडवून बसलेले असतात. शिवाय बूट रॉम आणि नंतरचं लिनक्स स्वतःची ओळख वेगवेगळी सांगतात, त्यामुळे एकच मशीन कधी कधी दोन पत्ते घेतं. मग सकाळी जी मशिनं शेवटी चालू होतात ती उपाशी राहतात. ‘रोज पाच-सहा, पण रोज तीच नाहीत’ हे तुझं वाक्य याच्याशी तंतोतंत जुळतं. तात्पुरता उपाय म्हणजे रेंज मोठी कर आणि लीज दोन तासांवर आण. कायमचा उपाय म्हणजे सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड बसव, लॅबचा स्विच फक्त त्याला जोड, त्या कार्डाला १९२.१६८.६७.१ हा पत्ता दे आणि ‘एलटीएसपी डीएनएसमास्क’ ही आज्ञा प्रॉक्सी-डीएचसीपी शून्य ठेवून पुन्हा चालव. मग लॅबचे पत्ते सर्व्हरच वाटेल आणि मोबाइलांशी संबंध उरणार नाही.

पत्ता मिळूनही ‘ई५३’ म्हणजे फाइलचं नाव कळलं नाही. डीएनएसमास्क बंद पडलंय, किंवा कुणी घरचा जुना वायफाय राउटर आणून लॅबच्या तारेत लावलाय आणि तोच पत्ते वाटतोय. जुन्या बूट रॉमच्या पडद्यावर ‘डीएचसीपी आयपी’ अशी ओळ येते. तिथला आकडा तुझ्या राउटरचा नसेल, तर शाळाभर फिरून तो पाहुणा शोध. ‘ई३२’ किंवा यूईएफआयवर ‘ई१८’ दिसला, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, तर सर्व्हरचा फायरवॉल बघ: ६७, ६९ आणि ४०११ हे यूडीपी पोर्ट, एनएफएससाठी २०४९, एसएसएचसाठी २२, आणि इपॉप्टिस (शिक्षकाला लॅबमधली सगळी मशिनं बघता-हाताळता येणारं सॉफ्टवेअर) वापरत असशील तर ७८९, एवढे उघडे हवेत.

मशीन नेटवर्ककडे न जाता थेट ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणत असेल, तर बायोसची बॅटरी तपास. मे महिन्याच्या सुट्टीत मेन स्विच बंद असतो, सहा-सात वर्षांची सीआर२०३२ तेवढ्यात मान टाकते आणि बूटचा क्रम पुसला जातो. मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दिसली की बदल. बदलल्यावर नेटवर्क बूट पहिलं ठेव, सिक्युअर बूट बंद कर, आणि फास्ट बूटही बंद कर, कारण काही बोर्डांत ते नेटवर्क कार्डाला जागंच करत नाही. तारीखही नीट लाव. तारीख चुकीची असली की ब्राउझर प्रत्येक पानावर प्रमाणपत्राची तक्रार करतो आणि लोक इंटरनेटला दोष देत बसतात.

कर्नल उतरला, पण काळ्या पडद्यावर ‘इनिटरॅमएफएस’ असं लिहून मशीन थांबलं, तर तिथेच ‘आयपी ए’ टाइप कर. ‘लो’ (मशीनचं स्वतःशीच बोलायचं आभासी कार्ड) सोडून एकही कार्ड दिसत नसेल, तर त्या कार्डाचा ड्रायव्हर इनिटआरडीत नाही. जुन्या इमेजला नवं मशीन जोडलं की असं होतं. कार्ड आहे, पत्ताही आहे, तर सर्व्हरवर ‘शोमाउंट’ चालवून एनएफएस खरंच इमेज वाटतंय का ते बघ. वाटत नसेल तर ‘एलटीएसपी एनएफएस’ पुन्हा चालव.

आता संथपणाकडे येतो. जिथे मशिनं नवी घ्यायला सांगतात, तिथे बहुतेक वेळा ४०० रुपयांचीही वस्तू लागत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

हिशेब सोपा आहे. एका मशीनने उठताना ३०० एमबी वाचले असं धर. २० मशिनांचे ६००० एमबी. सर्व्हरची तार गिगाबिट असेल तर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे मिनिटाच्या आत सगळी उठायला हवीत. तीच तार १०० मेगाबिटवर चालत असेल तर सेकंदाला ११ एमबी, म्हणजे नऊ मिनिटं. तुझी आठ-दहा मिनिटं कुठून आली ते दिसलं? आधी सर्व्हरवर ‘इथटूल’ने कार्डाचा वेग बघ. १००० च्या जागी १०० दिसला तर सर्व्हर ते स्विच ही एकच केबल दोषी असण्याची शक्यता मोठी. १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या पुरतात, केशरी आणि हिरवी. गिगाबिटला निळी आणि तपकिरीही लागते. क्रिम्पिंग करताना तपकिरीचा एक धागा नीट बसला नाही, तर दिवा लागतो, पिंग जातं, सगळं चालतंय असं वाटतं, आणि वेग गुपचूप दहा पटींनी उतरतो. टोक कापून पुन्हा क्रिम्प कर: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नकोस. आणि स्वस्त मिळते म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल घेऊ नकोस. ती ठिसूळ असते, बाकाच्या पायाखाली दोनदा दबली की आतून तुटते.

केबल ठीक असूनही संथ? मग फ्लो कंट्रोल. सर्व्हर गिगाबिट आणि काही मशिनं १०० मेगाबिट, असं मिश्रण असलं की स्विच एका हळू मशीनसाठी सर्व्हरला ‘थांब’ म्हणतो, आणि सर्व्हर सगळ्यांसाठीच थांबतो. एका मशीनवर मोजलं तर वेग उत्तम, सगळी चालू केली की एकूण वेग १०० मेगाबिटच्या आसपास अडकलेला. इपॉप्टिसमध्ये नेटवर्क मोजायची सोय आहे. आधी एक आणि मग दहा मशिनं निवडून मोज. गिगाबिट मशीन एकटं ९४० मेगाबिटच्या आसपास द्यायला हवं, १०० चं मशीन ९४ च्या. दहांची बेरीज ९०० कडे जात नसेल, तर स्विचवर किंवा ‘इथटूल’ने सर्व्हरच्या कार्डावर पॉज, म्हणजे हाच ‘थांब’चा संदेश, बंद कर आणि पुन्हा मोज. सर्व्हर रीस्टार्ट झाला की ही सेटिंग जाते, तेव्हा ती नेटवर्कच्या कॉन्फिगरेशनमध्ये कायमची लिहून ठेव.

लॉगिनच्या तक्रारी वेगळ्या. नवी मुलं भरलीस आणि त्यांनाच आत जाता येत नाही, तर ‘एलटीएसपी इनिटआरडी’ चालवायचं राहिलंय. युजरांची यादी आणि सर्व्हरची एसएसएच किल्ली त्या फाइलीतून मशीनपर्यंत जाते. पासवर्ड बरोबर, डेस्कटॉप क्षणभर दिसतो आणि पुन्हा लॉगिनवर येतो, तर सर्व्हरची डिस्क भरली का ते ‘डीएफ’ने बघ, मुलांच्या डाउनलोडमध्ये सिनेमे सापडतील. आणि सगळ्या वर्गाला ‘विद्यार्थी’ असं एकच खातं देऊ नकोस. एकाच होममध्ये वीस जण शिरले की दुसऱ्यापासून पुढे प्रत्येकाला ‘फायरफॉक्स आधीच सुरू आहे’ असं दिसतं, आणि एकाचं चित्र दुसरा पुसतो. जागेनुसार खाती कर, आठवी-अ-०१ पासून पुढे. पोरांना आपली फाइल दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी मिळते, याचं त्यांना किती अप्रूप असतं!

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात असं तू शेवटी लिहिलंस. फॉन्ट तू मशीनवर बसवलास, तिथेच चुकलं. मशीनवर होम सोडून लिहिलेलं सगळं रॅममध्ये राहतं आणि बंद केलं की जातं. लोहित किंवा नोटो देवनागरी आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सर्व्हरवर बसव, मग ‘एलटीएसपी इमेज’ चालव, मशिनं रीस्टार्ट कर. हे शाळा सुटल्यावर कर, कारण इमेज बांधताना सर्व्हरचे सगळे कोअर गुंततात.

शोधाशोध करताना एक सांभाळ. एलटीएसपी जिम मॅकक्विलन यांनी १९९९ साली सुरू केलं, पण २०१९ मध्ये ते ग्रीसमधल्या अल्किस जॉर्जोपूलोस यांच्या पुढाकाराने पूर्ण नव्याने लिहिलं गेलं. ‘एलटीएस डॉट कॉन्फ’ किंवा ‘अपडेट-इमेज’ असं दिसलं की ती माहिती जुन्या आवृत्तीची. तुझ्याकडे ‘एलटीएसपी डॉट कॉन्फ’ आहे. दोन्हींची सरमिसळ केलीस तर चालतंय तेही बिघडेल. नव्या आवृत्तीत कार्यक्रम मशीनवरच चालतात, म्हणून २ जीबीपेक्षा कमी रॅमच्या मशिनांवर वेळ घालवू नकोस. त्यांतली रॅम काढून दुसऱ्यात घाल.

वीज गेल्यावर मशिनं एकदम चालू करू देऊ नकोस. आधी स्विच, मग सर्व्हर, सर्व्हरचं लॉगिन दिसल्यावर एकेक रांग. स्विचही सर्व्हरच्याच यूपीएसवर घे. त्याला जेमतेम वीसेक वॅट लागतात.

उद्या शाळेत गेलास की तीन गोष्टी लिहून पाठव: राउटरची रेंज आणि लीज, सर्व्हरच्या कार्डाचा ‘इथटूल’मधला वेग, आणि बंद पडलेल्या प्रत्येक मशीनची शेवटची ओळ. स्विचचं मॉडेलही कळव, म्हणजे पोर्टफास्ट कुठल्या पानावर आहे ते बघून सांगतो. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझाच,
मित्र