आईचा गुडघा आणि माझे बूट

सुवा, फिजी
सोमवार, १ ऑगस्ट २०२२

तीर्थरूप आई आणि अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी इथे सुखरूप आहे, हे सगळ्यात आधी लिहिते, म्हणजे आईला पुढचे निवांत वाचता येईल. काल फोन मध्येच तुटला आणि अण्णांच्या प्रश्नांची उत्तरे अर्धवट राहिली. काही गोष्टी फोनवर नीट सांगताही येत नाहीत, म्हणून पत्र लिहायला बसले आहे. याचे फोटो रोहनला पाठवते, त्याने ते मोठ्या अक्षरात छापून आणावेत. हॉस्पिटल, जेवणखाण, घरमालकीण हे सगळे तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही.

अण्णांचा पहिला प्रश्न फायनलचा होता. आम्ही हरलो. परवा शनिवारी इथल्या एचएफसी बँक स्टेडियमवर ओशनिया महिला नेशन्स कपची, म्हणजे पॅसिफिकमधल्या देशांच्या मुलींच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल झाली आणि पापुआ न्यू गिनीने फिजीला २-१ ने हरवले. अण्णा, तुम्ही म्हणाल की २-१ म्हणजे काही नामुष्की नव्हे, आणि ते खरेच आहे. २०१८ मध्ये याच स्पर्धेच्या फायनलमध्ये न्यूझीलंडने या मुलींवर आठ गोल चढवले होते आणि यांना एकही करता आला नव्हता. या वेळी न्यूझीलंड स्पर्धेत नव्हते, कारण पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचे ते ऑस्ट्रेलियासोबत यजमान आहेत आणि त्यांची जागा आधीच पक्की आहे. त्यामुळे इतकी वर्षे मोठ्या देशांच्या सावलीत खेळणाऱ्या नऊ बेटांच्या संघांना पहिल्यांदाच वाटले की दार उघडे आहे. जिंकणाऱ्याला थेट विश्वचषक मिळणार नव्हता. फेब्रुवारीत न्यूझीलंडला दहा देशांची आणखी एक फेरी होईल आणि त्यातून तीनच संघ पुढे जातील, त्या फेरीचे हे तिकीट होते. तरीही त्या तिकिटासाठी घरच्या मैदानावर खेळायला मिळणे ही गोष्ट इथल्या लोकांनी फार मनाला लावून घेतली होती.

पापुआ न्यू गिनीच्या मुलींनी ते कमावले, हेही सांगायला हवे. पॅसिफिक गेम्समध्ये २००३ पासून महिला फुटबॉलचे प्रत्येक सुवर्णपदक त्यांनीच नेले आहे, फक्त हा कप त्यांच्या हाती कधी आला नव्हता. शिट्टी झाली तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा टोपी काढून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत उभे राहिले. मला मात्र उठवले नाही. मला जानेवारी आठवत होता. मी इकडे येण्याच्या गडबडीत होते, आशियाई कप आपल्याच राज्यात, मुंबई-पुण्यात होता, इराणशी ०-० बरोबरी झाल्यावर अण्णा म्हणाले होते की आता पोरी खेळतील, आणि दोन-तीन दिवसांतच संघात कोरोना पसरून आपल्याला स्पर्धाच सोडावी लागली. ज्या मुली मैदानात उतरून हरल्या, त्यांच्याकडे बघताना न खेळता परतलेल्या मुली डोळ्यांसमोर येत राहिल्या.

हा देश केवढासा आहे, ते तुमच्या ध्यानात यावे म्हणून लिहिते. तीनशेहून अधिक बेटे मिळून लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पाव हिश्श्याएवढी. त्यातही अंगात रग असलेली मुलगी आधी रग्बीकडे ओढली जाते, कारण देशाला ऑलिंपिकमधले पहिले पदक रग्बीनेच २०१६ साली मिळवून दिले, तेही सोन्याचे, आणि गेल्या वर्षी टोकियोत मुलींच्या रग्बी संघानेही कांस्यपदक आणले. फुटबॉल हा इथे मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांचा खेळ मानला जातो. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसे गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, भारतातून उसाच्या मळ्यांत राबायला इथे आणली गेली. त्यांच्या मुलानातवंडांनी १९३८ मध्ये स्वतःची फुटबॉल संघटना काढली, आणि ती सगळ्यांसाठी खुली व्हायला १९६१ साल उजाडले. आता गंमत अशी की स्टँडमध्ये निम्मे आजोबा-काका आपल्या तोंडवळ्याचे असतात आणि मैदानातल्या मुली बहुतेक मूळ फिजीयन असतात. ते आजोबा त्यांच्या हिंदीतून मला प्रत्येक पासची चूक समजावून सांगत होते. डोळे मिटले असते तर मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर तुमच्या शेजारी बसले आहे आणि पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच चालू आहे, असेच वाटले असते.

आता बुटांविषयी. आईने दोनदा विचारले की अण्णांनी घेऊन दिलेले बूट फोटोत का दिसत नाहीत, आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. ते बूट हरवलेले नाहीत आणि चोरीलाही गेलेले नाहीत. पण ते माझ्याकडे नाहीत, आणि ते का नाहीत हे कळायला इथली एक रीत समजून घ्यावी लागेल.

या रीतीला 'केरेकेरे' म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता 'मागणे' किंवा 'कृपा करून' असा आहे, पण प्रकार त्याहून खोल आहे. नात्यातल्या, गावातल्या किंवा शेजारच्या माणसाने तुमच्याकडे एखादी वस्तू मागितली, तर ती द्यायची असते. नाही म्हणणे हा मागणाऱ्याचा नव्हे, तर नाही म्हणणाऱ्याचा कमीपणा समजतात. वस्तू कधी परत करायची याची बोली नसते आणि हिशेबही कोणी ठेवत नाही. आपल्याकडे शेजारून वाटीभर साखर आणली तरी ती वाटी रिकामी परत करायची नाही, असे आईने शिकवले आहे. इथे वाटी परत जाईलच असे नाही, पण महिन्याभराने त्याच घरातून न मागता माशांची जोडी येते, आणि त्या दोन्हींचा एकमेकांशी संबंध लावलेला कोणाला आवडत नाही. पहिल्या महिन्यात शेजारच्या घरच्यांनी माझी छत्री मागितली, ती मी दिली. मग कुकर मागितला, तोही दिला, पण रात्री मला झोप लागली नाही. आपल्या घरात मागणे ही शरमेची गोष्ट होती. अण्णांनी पगार थकला तेव्हाही काकांपुढे हात पसरला नव्हता, हे मी पाहिले आहे. त्यामुळे ही माणसे माझा भोळेपणा बघून मला लुबाडत आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटले आणि तसे मी घरमालकिणीला बोलूनही दाखवले. तिने मला एवढेच विचारले की तू त्यांच्याकडे आजवर काय मागितलेस. मी काहीच मागितले नव्हते. ती म्हणाली, मग त्यांना वाटत असेल की तू त्यांना आपले मानत नाहीस. दुसऱ्या दिवशी मी जाऊन एक नारळ मागितला. त्यांनी सहा नारळ दिले, आणि वर अळूच्या जातीचा तो मोठा कंद, ज्याला इथे 'दालो' म्हणतात, तो माझ्या दोन्ही हातांत मावेना एवढा दिला. आई, मी पानेही मागून घेतली आणि वड्या केल्या. त्या घरात सगळ्यांनी खाल्ल्या.

तर त्याच घरातली सोळा वर्षांची मुलगी मे महिन्यात दारात आली, माझ्या बुटांकडे बघत उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात तिने तो शब्द उच्चारला. ती जवळच्या मैदानावर मुलींच्या संघात खेळते. मी बूट दिले. जूनमध्ये शनिवारी सरावाला गेले तेव्हा ते बूट तिसऱ्याच मुलीच्या पायात होते. नाडीवरून ओळखले. उजव्या बुटाची नाडी तुटल्यावर अण्णांनी महाद्वार रोडवरून पिवळी आणून ओवली होती, तीच होती, चिखलाने तपकिरी झालेली, आणि पाय अरुंद म्हणून तिने ती बुटाभोवती दोनदा गुंडाळून बांधली होती. पंधरा मिनिटांनी ती मुलगी बाहेर आली, रेषेबाहेर बसून तिने बूट काढले, आत जाणाऱ्या मुलीने ते तिथेच घातले आणि धावत गेली. दोघींना त्यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र वाटले, आणि ते वस्तू गेल्याचे दुःख नव्हते. एकीच्या पायाने आकार घेतलेला बूट दुसरीने घातला की घोटा डगमगतो, वळताना पाय जमिनीत अडकतो आणि शरीर पुढे जाते, आणि नेमके तेव्हाच गुडघा जातो.

इथे मोठ्या आत्यांच्या बोलण्याचे उत्तर देते, कारण ते माझ्या कानावर आले आहे. पोरीला फिजिओथेरपी शिकवली ती परमुलखात पोरींचे पाय चेपायला का, असे त्या म्हणाल्या. त्यांना सांगा की पगाराचे काम मी आठवडाभर हॉस्पिटलमध्ये करते आणि एक दिवसही रजा घेतलेली नाही. शनिवारची सकाळ माझी स्वतःची आहे. मुलींना खेळताना गुडघ्यातला क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघा जागेवर धरणारा पट्टा, तुटण्याचा धोका मुलांपेक्षा किमान दुप्पट असतो, आणि तो बराच कमी करता येतो. त्यासाठी मशीन लागत नाही. वीस मिनिटांचे वॉर्म-अप लागते, उडी मारून उतरताना गुडघे आत न वळता पावलांच्या रेषेत ठेवायला शिकवावे लागते, मांडीचे मागचे स्नायू बळकट करावे लागतात, आणि हे सगळे आठवड्यातून दोनदा तरी कोणीतरी उभे राहून करून घ्यावे लागते. राष्ट्रीय संघाकडे त्यासाठी माणसे असतात, पण त्या संघात पोचेपर्यंत मुलगी जिथे खेळते तिथे कोणी नसते. मी तेवढेच करते. त्यात कमीपणा आहे असे मला वाटत नाही.

रात्री मैदानातून एकटी येते का, या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. फायनलला शेजारचे अख्खे घर बरोबर होते आणि येताना आम्ही सहाजण एका टॅक्सीत होतो. शेजारच्या टोंगा देशातल्या ज्वालामुखीची आणि समुद्राच्या लाटांची काळजी करू नका. तो जानेवारीत फुटला, मी त्यानंतर आले, आणि माझे घर टेकडीवर आहे. भिजते म्हणून आई रागावते, पण सुवात पाऊस आपल्या गगनबावड्यासारखा पडतो, त्याला इलाज नाही. अंगावर ताप काढलेला नाही.

आता राहिलेल्या तीन गोष्टी, ज्या फोनवर बोलायला मला जमले नाही.

या महिन्यात आठ हजार रुपये कमी पाठवले आहेत. बुटांचे दोन जोड घेतले आणि पायाला बांधायच्या पट्ट्या घेतल्या. त्या मुलींनी ते मागितले नव्हते. सप्टेंबरपासून पूर्ण रक्कम येईल, आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले दोन लाख १५ सप्टेंबरच्या आत अण्णांच्या खात्यावर जमा करते. त्याला मी हात लावलेला नाही. सोसायटीचे कर्ज काढू नका.

सांगलीच्या स्थळाला मी नकार दिलेला नाही. त्यांना गणपतीच्या आत उत्तर हवे आहे हे मला समजते आणि तुम्हाला त्यांच्यापुढे थांबा म्हणावे लागते, त्याचे मला फार वाईट वाटते. पण मुलाने एकदा माझ्याशी स्वतः बोलावे एवढी माझी विनंती आहे. नोकरी सोडणार का, हा प्रश्न त्याच्या काकांनी अण्णांना विचारण्यापेक्षा त्याने मला विचारावा.

आणि हॉस्पिटलने करार एक वर्ष वाढवून देऊ केला होता, त्यावर मी शुक्रवारी सही केली. शुक्रवारी, म्हणजे फायनलच्या आदल्या दिवशी, तेव्हा हरल्याच्या भरात केली असे समजू नका. तुम्हाला विचारून करायला हवी होती. विचारले असते तर तुम्ही हो म्हणाला असता आणि मग आई आत जाऊन रडली असती, हे मला माहीत होते, म्हणून विचारले नाही. दिवाळीला येते म्हणाले होते, ते आता होणार नाही. ऑक्टोबरमध्ये आईच्या गुडघ्याला मी जवळ नसेन. परक्या मुलींच्या गुडघ्यांपाशी बसताना हे दर शनिवारी मनात येते.

उद्या नागपंचमी. आईने या वर्षी खाली बसून पूजा करू नये, पाटावर नाग मांडून तो टेबलावर ठेवावा. ऑपरेशनच्या आधीपासून एक व्यायाम सुरू करायचा आहे, त्याचा व्हिडिओ रोहनला पाठवला आहे, तरी इथेही लिहिते. पलंगावर पाय लांब करून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा गादीकडे दाबायचा आणि पाच आकडे होईपर्यंत तसाच धरायचा. असे दहा वेळा, सकाळ, दुपार, संध्याकाळ. आई घाईत आकडे गाळते, म्हणून अण्णांनी शेजारी खुर्ची घेऊन बसावे आणि मोठ्याने मोजावे.

तुमची,
मुक्ता