टायबेरियसच्या गालावरचे ठसे

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार, वि. वि. इकडे सर्व क्षेम. गुडघा नेहमीप्रमाणे कुरकुरतो. इतके महिने पत्र नाही म्हणून तू मनातल्या मनात मला जे काही म्हणाला असशील, ते मान्य आहे. पण आजची गोष्ट तुझ्यावाचून कोणाला कळणार?

रोमन सम्राट टायबेरियसचा एक देनारियस, म्हणजे चांदीचे नाणे, सध्या माझ्या टेबलावर आहे. ओळखीच्या विक्रेत्याने तो पाहण्यासाठी ठेवला आहे. प्रकार तोच, लुग्दुनुमच्या (आजच्या फ्रान्समधील ल्योंच्या) टांकसाळीचा: एका बाजूस सम्राट, दुसरीकडे राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री, जिला बहुतेक संग्राहक त्याची आई लिव्हिया मानतात. ‘मायलेक एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत’ हे तुझे वाक्य मी अजून वापरतो. आईच्या अंत्यविधीलाही तो गेला नव्हता, तेव्हा ते तसे खोटेही नाही. ‘हाच म्हातारा आणखी किती वेळा विकत घेणार?’ असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. खुर्चीचे पाय या वेळी नक्षीदार आहेत, हे उत्तर त्यांना पटले नाही.

अडले आहे ते गालावरच्या दोन बारीक ठशांपाशी. असे ठसे तेलंगणातील अक्कनपल्लीच्या १५३१ देनारियसांच्या ठेव्यातील अनेक नाण्यांवर आहेत, म्हणजे हे नाणे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून गेलेले असावे. सन ६४ मध्ये सम्राट नीरोने देनारियसचे वजन घटवले. त्यापूर्वीच्या ऑगस्टस-टायबेरियसच्या चांदीवर दक्षिणेतील व्यापाऱ्यांचा किती विश्वास होता, हे मी तुला सांगायला नको. मला ते हवेसे वाटते ते या ठशांमुळेच, आणि संशयही त्यांनीच उभा केला आहे. विक्रेता म्हणतो, नाणे युरोपातील जुन्या संग्रहातून आले. कोइमतूरकडची नाणी इंग्रजांच्या काळात विलायतेला गेली होतीच, म्हणून त्याला सरळ खोटे ठरवता येत नाही. परंतु जुन्या संग्रहातल्या चांदीवर चढणारी काळसर झाक इथे नाही, आणि अक्षरांच्या खाचांत तांबूस माती तशीच आहे. ते अलीकडे जमिनीतून निघाले असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आणि कोणीतरी तसे न करता तो वाटून खाल्ला आहे.

नाशिकला तू माझ्यावर भर रस्त्यात ओरडला होतास ते यावरूनच. १९०६ साली जोगळटेंभीला सापडलेली तेरा हजारांहून अधिक नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने किती मोठ्या प्रमाणावर आपला छाप मारला हे कळले असते का, असा तुझा प्रश्न होता. मी त्या वेळी ‘तू संग्राहक नाहीसच’ म्हणालो होतो. ते विधान मी मागे घेत नाही, कारण तू खरोखरच नाहीस. पण प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तेव्हाही नव्हते.

विक्रेत्याकडे मी जुन्या खरेदीचा कागद मागितला आहे. तो न मिळाल्यास नाणे परत करीन, असे आज तरी वाटते. सोबत दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवीत आहे. चेन्नईच्या संग्रहालयात तू घेतलेल्या टिपणांशी ठसे ताडून पाहा आणि लवकर लिही.

चिरंजीवांची बदली मनासारखी झाली हे ऐकून आनंद झाला. वहिनींना नमस्कार. नाण्याची किंमत मात्र त्यांना सांगू नकोस. त्यांच्याकडून ती संध्याकाळपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात पोहोचते.

तुझा,
भाऊ