अण्णांच्या बाटल्या

प्रिय शमे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा कुरकुरतोय, आईचं बीपी तसंच. फोनवर हे बोलता येत नाही, कारण आमच्याकडे भिंतींना नाही, आईलाच कान आहेत. आणि ऐकून नेमकं कळेल असं माणूस तू एकटीच.

विषय अण्णा. बरेच दिवस त्यांच्या पायांना मुंग्या येतायत, चप्पल कधी निसटली ते कळत नाही. हा माणूस स्वस्थ बसेल? 'नसा कमजोर झाल्यात' असं निदान स्वतःच केलं, गोळ्या सुरू केल्या, मुंग्या वाढल्या तशा गोळ्याही वाढवल्या. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात असतील तेवढ्या बाटल्या आणा. पिशवी उलटी केली तर टेबल भरलं. मल्टिव्हिटॅमिन, बी-कॉम्प्लेक्स, नसांची, हाडांची, डोळ्यांची, शिवाय केसांसाठी बायोटिन! (केस उरलेत किती, तू बघितलंयस.) त्या बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्टसुद्धा चुकीचा येऊ शकतो म्हणे.

मी लेबलं वाचत गेले, बाई लिहीत गेल्या. मुंगीएवढ्या अक्षरांत 'पायरिडॉक्सिन' हे एकच नाव तीन बाटल्यांवर. म्हणजे बी-६. माणसाला दिवसाला दीड-दोन मिलिग्रॅम पुरतं, अण्णांची बेरीज शंभराच्या वर! अमेरिकेत रोजची कमाल मर्यादा १०० आहे, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर २०२३ मध्ये ती १२ वर आणली. आणि हे महिनोन्महिने जास्त झालं की काय होतं? पायांना मुंग्या. गोळीमुळे मुंग्या, मुंग्यांसाठी गोळी. आपल्याला हातच्यावरून कोपऱ्यात उभं करणाऱ्या मास्तरांनी ही बेरीज केली नाही बघ. आता बी-६ बंद आहे, बी-१२ तपासायला दिलंय, कारण ते कमी पडलं तरी मुंग्या अशाच येतात. फरक पडेल, पण सावकाश. पूर्ण जातीलच असं बाई म्हणाल्या नाहीत.

'जास्तीचं लघवीतून निघून जातं' हे तुझं हॉस्टेलमधलं पालुपद आठवलं. ए, डी, ई, के शरीरात साठतात म्हणून मी कंठशोष करायचे आणि तू मला 'पुस्तकी किडा' म्हणायचीस. बी-६ तर तुझ्या यादीतलं, पाण्यात विरघळणारं! तो वाद मी जिंकले, लेखी कबुली पाठव. डीची आठवड्याची गोळी अण्णा रोज घेत नव्हते एवढं नशीब, नाहीतर रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडांवर आलं असतं.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

डोळ्यांची बाटली हातात घेऊन बाईंनी विचारलं, "यात बीटा-कॅरोटिन आहे. सिगारेट वगैरे?" शेजारी आई. अण्णा म्हणाले, "छे!" असा काही ठसका, की मलाच क्षणभर खरं वाटलं. बाईंनी बाटली परत दिली.

आता तूच सांग, गच्चीवर टाकीमागे कोण उभं असायचं? अजूनही असतं. बीटा-कॅरोटिनने कॅन्सर टळेल या आशेने फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ मध्ये निकाल आला: ज्यांना ती गोळी दिली त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतला तसाच प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. अण्णांच्या गोळीतली मात्रा तेवढी नाही, पण फार मागेही नाही. आता डोळ्यांसाठी त्याऐवजी ल्युटिनवाल्या गोळ्या मिळतात, अण्णांची बाटली जुन्या धाटणीची. मी म्हटलं, बदलू या. तर म्हणे, "गाजरात असतं तेच आहे." अहो, गाजरं खाऊन कुणाचं बिघडलेलं नाही, गोळीचा मामला वेगळा! बाटली लपवली, तर दुसरी आणली.

डॉक्टरीणबाईंना सांगावं, तर तिथे आई असणार. तिला सिगारेटपेक्षा आपण दोघी इतकी वर्षं गप्प राहिलो याचाच राग येईल. आणि तुझ्यापुढे अण्णांना 'छे' म्हणता येणार नाही, काडेपेटी तूच सांभाळायचीस. बाटली बदलली आणि एकदा एकटे जाऊन बाईंना खरं सांगून आले, तरी आत्ता पुष्कळ झालं. सिगारेटवरून मी नंतर भांडेन.

तुझी बदली झाली का? ओंकारचं काय ठरलं? सासूबाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं असेलच. सविस्तर लिही, मी नुसतंच माझं दळण दळलं.

बुधवारी चार ते पाच आई घरी नसते, तेव्हाच अण्णांना फोन कर. आधी पायांची चौकशी कर, एकदम टाकीवर येऊ नकोस.

तुझी,
विजू