साप्पोरोच्या आजींना

तीर्थस्वरूप आजी,
साष्टांग नमस्कार.

निघताना तुमच्या हातात जपानीत लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती. पाच-सहा ओळींची. माझ्या जपानीची धाव तेवढीच. उरलेलं सगळं मनातच राहिलं आणि ते मराठीतच लिहिता येईल. तुम्हाला हे वाचता येणार नाही. पण तुमच्याबद्दल माझ्या भाषेतल्या माणसांना कळावं, असं फार दिवस वाटतंय.

ऑक्टोबर २०१७ मध्ये जपानमधल्या साप्पोरोत, तुमच्याकडे राहायला म्हणून मी तुमच्या दारात उभी राहिले, तेव्हा बूट काढायचे एवढंच मला माहीत होतं. गेनकानमध्ये, म्हणजे दाराच्या आतल्या त्या खालच्या पायरीवर, मी ते काढले आणि तसेच टाकून वर आले. तुम्ही गुडघे टेकून खाली वाकलात, बूट उचललेत, त्यांची तोंडं दाराकडे केलीत आणि जोडीने ठेवलेत. पंच्याहत्तरीच्या बाईने माझे बूट उचलले, हे बघून मला कानकोंडं झालं. पुन्हा ती वेळ तुमच्यावर आली नाही.

पण त्याच संध्याकाळी त्याहून मोठी चूक झाली. टबात गरम पाणी भरून, वर झाकण घालून तुम्ही मला आधी आंघोळीला पाठवलंत. पहिली आंघोळ पाहुण्याची. मी टबात बसून साबण लावला, केस धुतले आणि मागे घाण राहू नये म्हणून बूच काढून सगळं पाणी सोडून दिलं. टब घासूनही ठेवला. तुम्ही आत गेलात, रिकाम्या टबाकडे क्षणभर बघत राहिलात आणि म्हणालात, ‘दाइजोबु.’ असू दे. मग पुन्हा पाणी भरलंत. आजोबांची आंघोळ होईपर्यंत दहा वाजून गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाह्या सरसावून मला न्हाणीघरात नेलंत. बुटक्या स्टुलावर स्वतः बसून दाखवलंत: इथे बसायचं, इथेच अंग घासायचं, केस धुवायचे, साबणाचा थेंब राहिला नाही ना ते बघायचं आणि मगच टबात उतरायचं. ते पाणी घरातल्या सगळ्यांचं. बाहेर आलं की झाकण लावायचं, म्हणजे ऊब टिकते. आदल्या रात्रीचा विषय तुम्ही काढला नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. सकाळी उरलेलं पाणी छोट्या पंपाने धुण्याच्या मशीनमध्ये चढताना पाहिलं आणि मी काय वाहवून दिलं होतं ते मला समजलं.

कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या, कुठल्या वारी काय टाकायचं, साडेआठच्या आत टाकून कावळ्यांनी उपसू नये म्हणून वर जाळी ओढायची, हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडलं. बर्फाचं मात्र तसं नव्हतं. साप्पोरोत वर्षाला सरासरी पाचेक मीटर बर्फ पडतो, हा आकडा मी वाचला होता. पण पहाटे दार उघडलं की पायऱ्याच दिसत नाहीत, हे वाचून कळत नाही. तुम्ही अंधारात फावड्याने वाट मोकळी करायचात आणि मी मदतीला आले की हात हलवून आत जा म्हणायचात. मला त्याचा त्रास व्हायचा. तुमच्या घरात मी नुसती जेवते आणि झोपते, असं वाटायचं.

डिसेंबरातल्या एका पहाटे गेनकानमध्ये तुमच्या फावड्याशेजारी दुसरं फावडं टेकवलेलं होतं. जरा लहान, लाल दांड्याचं, नवं. तुम्ही काही बोलला नाहीत. आपण दोघी बाहेर गेलो. बर्फ शेजाऱ्यांच्या बाजूला लोटायचा नाही, एवढं तुम्ही खुणेने दाखवलंत. त्याच आठवड्यात आंघोळीचा क्रमही बदलला: आधी आजोबा, मग तुम्ही, शेवटी मी. आजी, पहिल्या रात्रीच्या त्या पहिल्या आंघोळीपेक्षा हा शेवटचा नंबर मला किती मोलाचा वाटला, ते मी तुम्हाला कधी सांगू शकले नाही.

जानेवारीत तुम्ही दोघं लेकीकडे गेलात आणि दुसऱ्या दिवशी मलाही दोन दिवसांसाठी बाहेर जायचं होतं. घर बंद करायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. मिझुओतोशी, म्हणजे नळांतलं पाणी उतरवणं. आधी मुख्य चावी बंद, मग घरातले सगळे नळ उघडे, म्हणजे आत हवा शिरते आणि पाइपातलं पाणी जमिनीत उतरतं. ते आत राहिलं तर गोठून फुगतं आणि पाइप फोडतं. तुम्ही तीनदा करून दाखवलंत, वर हिरागानात, म्हणजे सोप्या जपानी लिपीत, चार ओळी लिहून, शेजारी नळाचं चित्र काढून कागद भिंतीला चिकटवलात. परत आल्यावर नळातून आधी हवेचा खोकला आला आणि मग पाणी. मी तिथेच उभ्याने रडले.

आणि ६ सप्टेंबर २०१८. आदल्या दिवशीच वादळाने विद्यापीठाच्या आवारातली झाडं उन्मळून पाडली होती. पहाटे ३ वाजून ७ मिनिटांनी घर हलू लागलं. जिन्यावरून तुमचा आवाज आला, माझ्या नावाचा, आणि पाठोपाठ बॅटरीचा उजेड. साप्पोरो ज्या बेटावर आहे, त्या अख्ख्या होक्काइदोची वीज गेली होती. अत्सुमा गावात डोंगर खचून घरांवर आले, माणसं गेली, हे आपण रेडिओवर ऐकलं. नळाला पाणी होतं, पण ते टिकेल याचा भरवसा नव्हता. तुम्ही मला पिण्यासाठी पातेली भरायला लावलीत आणि बादली घेऊन न्हाणीघरात गेलात. आदल्या रात्री शेवटची आंघोळ माझी होती. टब भरलेला होता, वर झाकण होतं. संडासासाठी ते पाणी आपल्याला पुरलं. तुम्ही पहिली बादली भरून माझ्याकडे बघितलंत आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलात. त्या रात्री गॅसच्या छोट्या शेगडीवर, मातीच्या भांड्यात तुम्ही भात शिजवलात. शहराच्या डोक्यावर इतके तारे मी पहिल्यांदाच पाहिले.

घरातून बाहेर पडताना ‘इत्ते किमासु’ म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलंत. जाऊन येते. आपल्याकडेही असंच म्हणतात, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही टाळी वाजवली होतीत. २०१९ च्या सप्टेंबरात सामान घेऊन निघाले, तेव्हा सायोनारा माझ्या तोंडून आलं नाही. मी रोजचंच म्हणाले. तुम्हीही रोजचंच म्हणालात, ‘इत्ते राशाइ’, जाऊन ये, आणि वळण येईपर्यंत दारात उभ्या राहिलात.

नळाच्या चित्राचा तो कागद तुम्ही माझ्या पुस्तकात ठेवून दिला होतात. तो माझ्यापाशी आहे. आजोबांना नमस्कार सांगा. गुडघे जपा, पहाटेचा बर्फ कुणाकडून तरी काढून घ्या. मी येतेच आहे.

तुमची,
वरच्या खोलीतली