नानाकाकांचं नाव क्रांजीला आहे

गिरगाव, मुंबई

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

एव्हाना तू सिंगापूरला रुळला असशील, म्हणून एक काम सांगतो. एखाद्या रविवारी सकाळी क्रांजीला जा. एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं स्टेशन आहे, तिथून युद्धस्मारकापर्यंत चालत जाता येतं. टेकडीवर विमानाच्या पंखासारखं छप्पर असलेली वास्तू आहे. तिच्या रुंद खांबांवर चोवीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, आणि त्यात एक आपल्या घरातलं आहे. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे नानाकाका.

त्यांचा फोटो तू लहानपणापासून पाहिला आहेस. ते भारतीय हवाई दलात एअर गनर होते. व्हेंजन्स नावाचं अमेरिकी बनावटीचं डाइव्ह बॉम्बर होतं, त्यात दोनच माणसं. पुढे पायलट, मागे हे. १९४४ साली आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वॉड्रन ही विमानं घेऊन बर्माच्या आघाडीवर लढत होत्या. विमान लक्ष्याच्या डोक्यावर यायचं आणि नाक खाली करून जवळजवळ उभं कोसळायचं. बॉम्ब सुटले की पायलट ते पुन्हा वर उचलायचा. मागच्या गनरचं तोंड शेपटीकडे. म्हणजे विमान जमिनीकडे सुटलं तरी त्याला जमीन दिसत नाही. दिसतं ते दूर दूर जाणारं आकाश आणि आपल्याच मशीनगनची नळी. विमान वर उचललं गेलं हे अंगावर पडणाऱ्या दाबावरूनच कळायचं, तोवर सगळा भरवसा पुढच्या माणसावर. बावीस वर्षांचा मुलगा, चाळीत वाढलेला, जुहूला विमानं बघायला जायची हौस असलेला. मी हे वाचल्यापासून रात्री कितीदा तरी डोळ्यांसमोर आणून बघतो.

त्यांच्या सामानाची ट्रंक घरी आली होती. त्यातला गणवेशावरचा बिल्ला आत्याकडे आहे. पायलटच्या बिल्ल्याला दोन पंख असतात, गनरच्या बिल्ल्याला एकच. मागच्या बाजूला अजून खाकी दोरे लोंबताहेत. आजीने तो ब्लेडने उसवून काढला आणि गणवेश कुणाला तरी देऊन टाकला.

तो एप्रिल महिना मुंबईला वेगळ्याच कारणाने आठवतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या बोटीचा स्फोट झाला. आगीशी लढताना गेलेल्या ६६ जवानांना अग्निशमन दल आजही दरवर्षी मानवंदना देतं. आपल्या चाळीतल्याही खिडक्या थरथरल्या होत्या. पुढे काही आठवड्यांनी नाना परत न आल्याची तार आली. आत्या तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या मनात धूर आणि तार एक होऊन बसली. आपला भाऊ गोदीतच गेला, असं तिला बरीच वर्षं वाटत होतं.

आणि त्याच १४ एप्रिलला तिकडे इंफाळजवळ मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. जपान्यांनी इंफाळला वेढा घातला होता, त्यांच्या बाजूने आपलेच लोक लढत होते आणि वरून जाणाऱ्या काही विमानांतही आपलेच लोक होते. घरात नानांविषयी कुणी का बोलत नसे, ते यावरून तुझ्या लक्षात येईल. गवालिया टँक आपल्या घरापासून चालत जाण्याएवढं. ४२ च्या ऑगस्टनंतर आजोबांचे सख्खे मावसभाऊ तुरुंगात होते. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या गळ्यात हार पडले, ते योग्यच झालं. इंग्रजांच्या गणवेशात गेलेल्या मुलाचं नाव मात्र चारचौघांत कुणी काढेना. मला विचारशील, तर इंफाळ वाचवणाऱ्यांत नानाकाका होते याचा मला अभिमान आहे, आणि त्यांच्या बॉम्बखाली कोण कोण असेल याचं दुःखही आहे. दोन्ही खरं आहे, आणि तुझ्यापासून मला काहीच लपवायचं नाही.

विमान सापडलं नाही, देह आला नाही. भटजींनी पालाशविधी सुचवला, दर्भाचा पुतळा करून त्यावर संस्कार करायचा. आजीने ठाम नकार दिला. शेवटपर्यंत दिला. ती गेल्यावर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, बाणगंगेवर तो विधी केला, आणि तेव्हापासून भाद्रपदात घात चतुर्दशीला, शस्त्राने गेलेल्यांच्या तिथीला, आपल्याकडे त्यांचं श्राद्ध होतं. खीर-वडे तू खाल्ले आहेस. ते पान कुणाचं होतं, ते आता तुला कळलं.

बर्मात गेलेल्या आणि थडगं नसलेल्या पायदळातल्या लोकांची नावं रंगूनजवळ तौक्क्यानला आहेत. हवाई दलाची मात्र सिंगापूरला. म्हणून नाना क्रांजीला. आपल्या घरातलं तिथे अजून कुणीच गेलेलं नाही आणि तू मात्र तासाभराच्या अंतरावर राहतोस.

तिथलं रजिस्टर बघ, म्हणजे खांबाचा क्रमांक मिळेल. हवाई दलाची नावं एकत्र आहेत. नानांच्या आसपासची नावंही वाच, पंजाबी, बंगाली, मद्रासी, सगळी. त्यांच्याही घरून कुणी आलं असेलच असं नाही. हार नेऊ नकोस, फुलं दोन पुरेत. नावाचा फोटो काढशील तो आत्याला छापून पोस्टाने पाठव, मोबाइलवरची बारीक अक्षरं तिला लागत नाहीत. आणि जाशील त्या दिवशी तिला फोन कर, दुपारी चारनंतर, ती झोपून उठल्यावर.

तुझे
बाबा