मिरजेच्या चाचांना, जवारीबद्दल

चाचा, सप्रेम नमस्कार.

सांगलीतल्या वाड्याच्या माडीवरच्या बैठकीत आभार मानताना गायिकेचं नाव घेतलं, चहावाल्यांचंही घेतलं. आमच्या तंबोऱ्यांची जवारी काढणाऱ्या, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून आवाज गुंजता करणाऱ्या तुमचं राहिलं. गडबडीचं कारण सांगणार नाही; कारागिराचं नाव न घेण्याची आपल्याकडे सवयच आहे. म्हणून हे जाहीर पत्र.

चाळीस माणसं, माईक नाही, आणि गाणं किराणा घराण्याचं, एकेका स्वरावर मुक्काम करणारं. त्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तुमच्याच मिरजेत. तो ठेहराव तंबोरा बेसूर असेल तर पाच मिनिटंही टिकत नाही.

तंबोऱ्यांची ही जोडी आधी दुसऱ्या एकाकडे गेली होती. त्यांनी गायिकेची पट्टी, म्हणजे तिचा सा कुठला, न विचारताच घोडीवर कानस चालवली. काळी एक पट्टीची जवारी काळी पाचला कशी बोलेल? घोडी सपाट झाली, तार लांबवर टेकली, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. वर उत्तर काय, तर ‘नव्या तारा आहेत, बसतील.’ साउंडवाल्याने मोबाइलवरचा तंबोरा लावून वर इको देण्याची तयारी दाखवली, हे वेगळंच.

तुम्ही आधी पट्टी विचारलीत. मग तारांनी घोडीत पाडलेले चरे नखाने चाचपलेत. कानशीचे मोजके हात, मग पॉलिश पेपर. तार चढवायची, ऐकायची, पुन्हा उतरवायची. उतार कमी पडला तर नुसती झणझण, जास्त झाला तर आवाज बंद, आणि मधलं अंतर डोळ्याला दिसतच नाही. तारेखाली सरकवायचे दोरे सगळ्यात शेवटी. खर्जाच्या तारेतून गंधार स्वच्छ ऐकू आला तेव्हाच हात पुसलेत. मालकंस रागासाठी पंचमाच्या तारेचा मध्यम केला की त्या तारेचा दोरा नव्याने शोधावा लागतो, हेही तंबोरा धरणाऱ्या आमच्या पोरीला दाखवून ठेवलंत.

पण खरं सांगायचं ते पुढचं. पंखे बंद, माणसं भरलेली. ऊब वाढली तशा तारा सैलावल्या आणि डावीकडच्या तंबोऱ्याचा खर्ज उतरला. मागे बसलेली ती पोर घाबरली. एरवी अशा वेळी कुणीतरी डोळे वटारतो, नाहीतर हातातून तंबोरा ओढून घेतो. तुम्ही जागेवरून हललाही नाहीत. गायिका पाण्याला थांबेपर्यंत वाट पाहिलीत, मग पोरीकडे बघून फक्त तर्जनी तिळभर सरकवलीत. तिने तारेवरचा मणी तेवढाच सरकवला. पंजा उभा केलात: बस्स. पुढच्या रांगेला पत्ताही लागला नाही. त्यानंतर तिचं बोट एकदाही अडखळलं नाही.

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमानाचीच गोष्ट, फलक लागायलाच हवेत. पण जवारीचे पैसे देताना घासाघीस करणारे हात तेच, आणि त्यात आम्हीही होतो.

जोडी गवसणीत घालून भिंतीपासून लांब ठेवली आहे, तारा थोड्या उतरवून. तुम्ही फक्त जवारीचे पैसे घेतलेत, दोन खेपांच्या येण्याजाण्याचे नाही. ते पोरीच्या हातून पाठवतोय. परत करू नका.

तुमचे,
माडीवरचे श्रोते, सांगली